पंपावरचं ई-२०: टाकीतला ऊस आणि समुद्रातली विहीर

कोल्हापुरात आता साधं पेट्रोल मागितलं की टाकीत पडतं ते ई-२०. शंभर लिटरमागे ८० लिटर पेट्रोल आणि २० लिटर इथेनॉल. शाहूपुरीत भरा, कावळा नाक्यावर भरा नाहीतर गगनबावड्याच्या रस्त्याला लागण्याआधी भरा, नोझलमधून येणारा माल तोच. पर्याय नसलेल्या मालाचं परीक्षण कशाला, असं कुणी म्हणेल. पण एकच माल वेगवेगळ्या गाड्यांत वेगळा वागतो, म्हणून ते करायचं. शिवाय या मालाबरोबर एक आश्वासनही विकलं जातं: आपल्या उसाचं इंधन वापरलं की तेलासाठी समुद्र आणि जंगलं पोखरायला नकोत. त्याचाही हिशेब मांडायला हवा.

आधी गाडी. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-२० च्या लिटरात ६ ते ७ टक्के दम कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल-मिश्रणाच्या आराखड्यातले आकडे याच्याशी जुळतात. मूळ बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनलेली आणि ई-१० साठी (१० टक्के इथेनॉल) जुळवलेली चारचाकी असेल तर अ‍ॅव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटतं, तशा दुचाकीचं ३-४ टक्क्यांनी. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १-२ टक्केच. रुपयांत बघू. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार महिन्याला १००० किलोमीटर फिरली तर पूर्वी ६७ लिटर पेट्रोल लागायचं, आता ७१ लागतं. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याला साडेचारशेचा फटका. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या दुचाकीला तेवढ्याच अंतरात पाऊण लिटर जास्त, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर रुपये. ‘अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं’ अशी तक्रार असेल तर इथेनॉलला दोष देण्याआधी एअर फिल्टर उघडा, चाक उचलून ब्रेक घासतोय का बघा आणि टायरची हवा तपासा. इथेनॉल एवढा मोठा खड्डा पाडत नाही.

दम कमी असल्यामुळे हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवावं, असं त्याच आराखड्यात सुचवलं होतं. दोन्ही सूचना कागदावरच राहिल्या. या मालाबद्दलची सगळ्यात रास्त तक्रार हीच.

चांगली बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (अवेळी भडका न घेण्याची ताकद) १०८ च्या आसपास, साध्या पेट्रोलचा ९१. मिश्रण ९५ च्या घरात जातं. पन्हाळ्याच्या चढावर डबलसीट, टॉप गिअरमध्ये इंजिन जी ‘टिकटिक’ करतं ती नॉकिंग ई-२० वर कमी होते. इथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड राहते, हेही एक कारण. मात्र जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला या ऑक्टेनचा काही उपयोग नाही. त्याला नुसती कमी ऊर्जा मिळते. आणि वाफ होताना उष्णता खाण्याच्या याच सवयीमुळे जानेवारीतल्या पहाटे थंड गाडी एका किकमध्ये लागत नाही.

गाडी १ एप्रिल २०२३ नंतर बनलेली असेल तर तिचे पाइप, सील, पंप ई-२० सोसणारे असतात. पेट्रोलच्या झाकणाच्या आत तसा स्टिकर असतो, मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. २०२० ते २०२३ दरम्यानच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधला धूर ‘वास घेऊन’ पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यामुळे इंजिन स्वतःला बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पण सकाळी गाडी थंड असताना आणि थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. अडखळणं जाणवतं ते याच दोन वेळी. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला तर मिश्रण ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय एवढाच त्याचा अर्थ. चार-आठ टक्के जादा पेट्रोल सोडणं कॉम्प्युटरच्या आवाक्यात असतं, त्यामुळे ई-२० एकट्यानं हा दिवा सहसा लागत नाही. सोबत इंजेक्टर तुंबलेला, पंप दमलेला किंवा इनटेकच्या रबरी बूटला चीर गेलेली असते.

खरी कामं निघतात ती काब्रेटरच्या (हवा-पेट्रोल ठरलेल्या मापात मिसळणारा यांत्रिक भाग) गाड्यांत, आणि त्या कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. काब्रेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होतं. लक्षणं ठरलेली: चोक सोडला की गाडी बंद पडते, उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज, मधल्या रेसला खेच नाही, इंजिन नेहमीपेक्षा गरम. प्लग काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर काही करू नका. पांढरंफट्ट असेल तर मिश्रणातलं पेट्रोल वाढवा, म्हणजे ते जाड करा.

वाढवताना स्क्रू कुठे आहे ते आधी बघायचं. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू, आत फिरवला की मिश्रण जाड होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू, तो बाहेर फिरवला की जाड. हा फरक न बघता ‘अर्धा आटा फिरवून दे’ म्हटलं की काम उलटं होतं. इंजिन गरम करून एका वेळी पाव आटा फिरवायचा, आयडलिंग सगळ्यात चढं आणि स्थिर होईल तिथे थांबायचं. मधल्या रेसचा प्रश्न असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते. मेन जेट बदलायची वेळ क्वचितच येते. आली तर एकच नंबर मोठा, त्यापुढे जाऊ नये. पेट्रोल जास्त झालं की प्लग काळा पडतो आणि अ‍ॅव्हरेज आणखी घसरतं.

रबराचं दुखणं सावकाश येतं. जुन्या गाड्यांतलं साधं नायट्राइल किंवा नैसर्गिक रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मग वाळून चिरतं. पेट्रोल पाइप बोटांत दाबला आणि तो चिकट किंवा कडक लागला तर बदला. फ्लोट बाउलमध्ये (काब्रेटरची पेट्रोलची वाटी) काळी भुकटी दिसली तर पाइपाचं आतलं अस्तर सुटतंय. बदलताना दुकानदाराला ‘व्हायटॉन अस्तराचा पाइप’ सांगा. पाइपावर एसएई जे३० आर९ छापलेलं असतं. दुचाकीला फूट-दीड फूट पुरतो. बाउलचं गॅस्केट, फ्लोट व्हॉल्व्हची रबरी टोपी, कॉकची (टाकीखालची पेट्रोलची चावी) ओ-रिंग एकाच वेळी बदलून घ्या, नाहीतर महिन्याभरात ओव्हरफ्लो. काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. काम स्वस्त आहे, पण गळणारा पाइप गरम सायलेन्सरच्या वर असतो, म्हणून टाळू नये.

इथेनॉल चांगला विद्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेली राळ आणि गंज ते सोडवतं आणि हा सगळा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुनी गाडी बराच काळ उभी असेल आणि आता रस्त्यावर काढणार असाल तर दोन-तीन टाक्या झाल्यावर फिल्टर बदला, आधी नको.

आणि पाणी. इथे कोल्हापूरचा पाऊस आडवा येतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. थोडं पाणी ते विरघळवून इंजिनातून बाहेरही काढतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. कॉकचं तोंड तळाशीच असतं. मग गाडी चालू होत नाही, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो. हे एकदा झालं की गाडी हलवून परत मिसळत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. म्हणून जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवा (आत हवा कमी, ओल कमी), झाकणाचं वायसर तपासा. गाडी महिनाभर लावून ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि बाउलचा ड्रेन स्क्रू सोडा. गंजरोधक म्हणून बाटलीतली औषधं खपवणारे बरेच आहेत. रोज चालणाऱ्या गाडीला त्यांची गरज नाही.

पंपावर नक्की किती इथेनॉल आलं हे बघायची साधी रीत आहे. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून २६-२८ मिलीपर्यंत चढला तर इथेनॉल विसाच्या आसपास आहे. हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि ते मिश्रण टाकीत किंवा गटारात ओतू नका. पंपावर फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरचं माप तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहेच; पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे वजनमापे विभागाकडे तक्रार करता येते.

धुराचं म्हणाल तर नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात ई-२० मुळे दुचाकीचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यानं आणि चारचाकीचा ३० टक्क्यांनी कमी होतो असं नोंदवलंय. अ‍ॅसिटाल्डिहाइड हे झोंबणारं रसायन मात्र वाढतं. एकुणात गल्लीतल्या हवेसाठी बरं.

आता आश्वासन. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. घरचं उत्पादन २०११-१२ मध्ये ३.८ कोटी टन होतं, आता ३ कोटी टनांच्या खाली आलंय. आपलं सगळ्यात मोठं क्षेत्र आजही मुंबई हाय. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’नं मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर ते शोधलं, १९७६ मध्ये तिथून तेल येऊ लागलं. क्षेत्र म्हातारं झालं, म्हणून सरकार अंदमानपर्यंतचा समुद्र खोदाईसाठी खुला करत चाललंय. या खोदाईला उसाचं इंधन थांबवेल का?

गणित सोपं आहे. २० लिटर इथेनॉल ऊर्जेच्या मापात १३ लिटर पेट्रोलची जागा घेतं. तीही फक्त पेट्रोलची. देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं. उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या जागी आलेले मिनी ट्रॅक्टर, मालाचे ट्रक, सगळे डिझेलवर. आणि रिफायनरीत एका पिंपातून पेट्रोल आणि डिझेल दोन्ही निघतात, एक नको म्हणून दुसरं वेगळं काढता येत नाही. त्यामुळे ई-२० नं आयातीच्या बिलाला थोडा लगाम लागतो, विहीर मात्र एकही बंद होत नाही. जाहिरातीत ही ओळ कुणी घालत नाही.

खोदाईचा धोका खरा आहे, तो कमी लेखायचं कारण नाही. आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बागजानची पाचव्या क्रमांकाची विहीर २७ मे २०२० ला दुरुस्तीच्या कामात फुटली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरच्या मध्यात जाऊन आटोक्यात आली. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग पाणथळ. मुंबई हायवर २७ जुलै २००५ ला एक जहाज फलाटाच्या उभ्या पाइपांवर आदळून फलाट जळाला, २२ जण गेले. अपघात झाला नाही तरी विहिरीतून तेलाबरोबर खारट पाणी वर येतं, खोदाईचा रासायनिक चिखल निघतो, नको असलेला वायू जाळला जातो. तामिळनाडूत नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये याच कारणासाठी ठिय्या दिला, आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारनं कावेरीचा त्रिभुज प्रदेश कायद्यानं संरक्षित शेती क्षेत्र केला.

कोल्हापूरच्या काळ्या पत्थराखाली कुणी रिग लावणार नाही. पण इथली ‘विहीर’ म्हणजे डिस्टिलरी, उसापासून इथेनॉल गाळणारा कारखाना. तिचा हिशेब नीती आयोगानंच दिलाय: उसापासूनच्या लिटरभर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी. दुचाकीत दहा लिटर ई-२० भरलं आणि त्यातलं दोन लिटर इथेनॉल उसाचं असेल तर पावणेसहा हजार लिटर पाणी शेतात गेलेलं असतं. यात एक तारतम्य हवं. साखर करून उरलेल्या सी-हेवी मळीपासून इथेनॉल केलं तर पाण्याचा बहुतेक भार साखरेच्या नावावर लावणं रास्त. थेट रसापासून केलं तर सगळं पाणी इंधनाचं. टनभर उसाच्या रसातून ७० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळतं. एकरी ४० टन उतारा धरला तर एक एकर ऊस २,८०० लिटर देतो, म्हणजे १४,००० लिटर ई-२० पुरतं. राधानगरी आणि काळम्मावाडी धरणांच्या भरवशावर इथे हे खपून जातं. सोलापूर-मराठवाड्यात तोच ऊस वेगळी गोष्ट आहे.

त्याहून कडवी बाब स्पेंटवॉशची. लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळं, गरम, आंबूस सांडपाणी निघतं. त्याचा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप) लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅम. आंघोळीच्या नदीच्या पाण्याला मर्यादा ३ ची. एक लिटर कच्चा स्पेंटवॉश त्या मर्यादेत आणायला तेरा ते वीस हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. म्हणूनच डिस्टिलरीतून थेंबही बाहेर न सोडण्याचा नियम आहे: आधी बायोगॅस, मग आटवून बॉयलरमध्ये जाळणं किंवा प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेला चिखल) मिसळून कंपोस्ट. नीट चालवलं तर हे जमतं, बायोगॅसचे पैसेही होतात. चुकतं ते ठरलेल्या ठिकाणी. साठवण तलावाचं अस्तर फाटतं, बाष्पीभवनाच्या नळ्यांत खवली बसून क्षमता घटते, वळवाच्या पावसात कंपोस्ट यार्ड वाहतं. हे पाणी नदीत उतरलं की प्राणवायू संपून मासे तरंगतात, आणि पंचगंगेकाठच्या माणसाला ‘मळीमिश्रित पाणी’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तेल आणि इथेनॉल, दोन्हींकडे सरकारी सवलत एकाच साच्यातली आहे. जानेवारी २०२० मध्ये तेल-वायूच्या शोध-खोदाईला पर्यावरण मंजुरीच्या ‘बी-२’ वर्गात टाकलं, म्हणजे पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी दोन्हींतून सुटका. जून २०२१ मध्ये धान्यापासून मिश्रणासाठी इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांनाही तोच वर्ग ठराविक मुदतीसाठी दिला. सुनावणीत गावकरी जे प्रश्न विचारतात, कुठून पाणी घेणार, तलाव कुठे, पूररेषेत येतो का, ते विचारायची जागाच राहिली नाही.

पंपावर ग्राहकाला आपल्या टाकीतलं इथेनॉल मळीचं, रसाचं की मक्याचं हे कळायची सोय नाही. खरेदी दरांत फरक मात्र मोठा आहे: २०२५ मध्ये सी-हेवीला ५७.९७ रुपये, बी-हेवीला (थोडी साखर शिल्लक ठेवलेली मळी) ६०.७३, रसाला ६५.६१ आणि मक्याला ७१.८६. सगळ्यात कमी पाणी खाणाऱ्या मार्गाला सगळ्यात कमी भाव. धोरणाचा भरवसाही जेमतेम. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनचं इथेनॉल एका आदेशानं थांबवलं, आठवड्यात मर्यादेसह परत सुरू केलं, आणि कर्ज काढून प्रकल्प उभारलेले कारखाने मध्येच लटकले.

म्हणून इंधन म्हणून ई-२० ला नव्या गाडीसाठी पाचपैकी चार, काब्रेटरच्या गाडीसाठी अडीच, आणि ‘खोदाईला पर्याय’ या दाव्यासाठी एक. जुनी हौसेची गाडी महिन्यातून एकदाच काढणाऱ्यानं १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉल पेट्रोल मिळालं तर घ्यावं. भाव दीडशेच्या पुढे आहे, पण टाकी गंजण्यापेक्षा परवडतो. रोजच्या गाडीत ते ओतणं पैसा वाया.

शेवटची सूचना पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ सारखा महामार्ग बुडाला तर टँकर येत नाहीत, म्हणून ३९ च्या आधी टाकी भरून घ्या. पूर ओसरल्यावर मात्र पहिल्या दिवशी भरू नका. ज्या पंपावर पाणी चढलं होतं तिथे जमिनीखालच्या टाकीचा डिपरॉड (पातळी मोजायची पट्टी) डोळ्यांसमोर घालायला सांगा, आणि त्याला लावलेली पाणी दाखवणारी पेस्ट इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीचीच आहे का विचारा. साधी पेस्ट खाली बसलेलं इथेनॉल-पाणी नीट दाखवत नाही. रॉड कोरडा दिसतो आणि पंधरा-वीस गाड्या त्याच दिवशी ढकलत गॅरेजला जातात.